बाळबाप

शेलूबाजारच्या जीप स्टँडवर धम्मदीपा पडघानचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, टपरीच ती! पण आधार कार्डापासून तलाठ्याच्या अर्जापर्यंत सगळं गाव तिथं येऊन बोलतं, आणि धम्मदीपा ऐकते. ऐकण्यात ही पोरगी भारी पक्की. एकदा कानावर पडलेलं बोलणं चार वर्षांनीसुद्धा हुबेहूब काढून दाखवील, खोकल्यासकट. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात दरसाल तिचंच नाटक असायचं आणि लोक पोट धरून हसायचे, कारण त्यात तेच तर बोलत असायचे.

असल्याच एका नाटकाचा व्हिडिओ फिरत फिरत मुंबईत गेला. तिथं नवीन नावाचा एक लेखक वऱ्हाडातल्या कुटुंबावर टीव्हीची मालिका लिहीत होता. वऱ्हाडी म्हणून जे काय लिहीत होता, बापा रे बापा! दिसेल त्या शब्दाला 'ले' चिकटवायचा. 'मले जातो' काय आणि 'तुले येतो' काय! त्यानं धम्मदीपाला फोन केला, तर तिनं पहिल्याच दिवशी त्याला झापलं, "सर, आमी असं बोलत नाई. हे आयकून म्हशीबी हासतीन."

माणूस चांगला, रागावला नाही. तेव्हापासून तो प्रसंग पाठवायचा आणि धम्मदीपा मशीनच्या घरघरीत एकेका पात्राचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायची. सासूचं सासूसारखं, सरपंचाचं सरपंचासारखं. मुंबईत कुणीतरी ते ऐकून उतरवून घ्यायचं. नाव मात्र तिचं कुठंच नव्हतं. पन्नासाव्या भागापासून 'संवाद' या पाटीखाली तुझंही नाव येईल, असा नवीननं शब्द दिला होता. त्या एका ओळीसाठी ती सहा महिने राबत होती.

आणि घरी तेच सहा महिने बापाचं तोंड फुगलेलं! बाप म्हणजे ग्यानबा, तीस वर्षं शाळेत शिपाई. शाळेतलीच कारकुनाची चालून आलेली नोकरी लेकीनं नाकारली, टीव्हीच्या खुळापायी, आणि तेही बिननावाच्या. त्याला ते सहन होईना. तेव्हापासून तो तिला 'मॅडम' म्हणायला लागला. "मॅडम, भाकर हाय का?" "मॅडम, मोटर बंद करा." आमच्याकडं बाप लाडात आला की लेकीला 'माय' म्हणतो. जन्मल्यापासून ग्यानबानं तिला दुसरी हाक मारली नव्हती. ती हाक बंद झाली, आणि धम्मदीपाला घर परकं वाटायला लागलं.

पन्नासाव्या भागात मालिकेतली पोरगी नर्सिंग शिकायला गाव सोडते. बाप तिला स्टँडवर पोचवायला येतो. त्याच्या तोंडी धम्मदीपानं घातलं, "जाय माय. मांगं पाहू नोको. मी हावो ना अठी." एवढंसं वाक्य, पण तिसऱ्यांदा कुठं नीट रेकॉर्ड झालं.

दोन दिवसांनी नवीनचा फोन. "वाहिनीच्या निता मॅडम म्हणतात, बाप मुलीला आई कसा म्हणेल? प्रेक्षक गोंधळतील. त्या जागी 'बाळ' घालतोय. एका शब्दानं काय होतं, धम्मदीपा?"

"एका शब्दानंच होते, सर. तो काढाचा असन तं माहं नावबी काढा."

बोलून बसली आणि मग पाटीवरची ती ओळ आठवली. पण शब्द मागं घेतला नाही.

प्रसंगाचं शूटिंग शेलूबाजारच्या स्टँडवरच होतं. सकाळी मुंबईहून पानं आली. कचेरीतल्या कुण्या शहाण्यानं कॉम्प्युटरला सांगून टाकलं होतं, 'माय' दिसेल तिथं 'बाळ' कर. कॉम्प्युटरनं इमानदारीनं केलं! बापाचं काम करणारे जुने नट बबनराव चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले, "'हे गावच आपलं बाळबाप...' बाळबाप? हे काय असतं हो? आणि हे पाहा, 'बाप बाळेनं हात फिरवतो!'"

सगळं युनिट खो खो हसलं. ज्याची जीप शूटिंगला घेतली होती, तो फय्याज तर बोनेटवर आडवा झाला, "बाळबाप! या अल्ला!"

धम्मदीपा हसली नाही. वाहिनीकडून शूटिंगला आलेल्या निताबाई म्हणाल्या, "ते मायबाप वगैरे दुरुस्त करू. पण निरोपाच्या वाक्यात बाळच राहील."

"मॅडम, आमचा बाप बाळ नाई म्हनत. त्यानं बाळ म्हटलं का तो आमचा बापच नाई राह्यत," धम्मदीपा म्हणाली. आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण संतापानं डोळेच भरून आले. असं भर स्टँडवर, सगळ्यांदेखत! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेमका तेव्हाच ग्यानबा आला. शूटिंगच्या धावपळीत दोन दिवस पोरगी जेवायला घरी आली नव्हती. डबा फय्याजजवळ ठेवायचा आणि मुकाट्यानं परतायचं, असं ठरवून आलेला माणूस. त्याची नजर लेकीवर गेली. शूटिंगसाठी बांधलेली दोरी ओलांडून, कॅमेऱ्यापुढून तो तरातरा तिच्यापाशी गेला.

"काय झालं माय? कोन बोललं तुले? कायले रडून राह्यली?"

सहा महिन्यांनी हाक आली होती. धम्मदीपाला आता खरंच रडू कोसळलं, आणि बिचारा ग्यानबा आणखीच घाबरला, "सांग ना माय!"

बबनरावांनी चष्मा काढला. "निताबाई, आता आणखी काय ऐकायचंय?"

बाई दिलाच्या साफ निघाल्या. त्यांनी स्वतःच्या पेनानं 'बाळ' खोडलं आणि वर 'माय' लिहिलं. बबनराव ग्यानबाला म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणून दाखवता का?"

"हट! असं सांगून थोडीच येते ते," ग्यानबा लाजला.

पन्नासावा भाग लागला त्या संध्याकाळी फय्याजनं घरचा टीव्ही आणून झेरॉक्सच्या दुकानापुढं मांडला. बबनराव "जाय माय" म्हणाले आणि अख्खा स्टँड नाक ओढायला लागला. मग पाट्या आल्या. संवाद: नवीन, धम्मदीपा ग्यानबा पडघान. ग्यानबानं ते एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, स्वतःच्या नावावर जरा जास्तच थांबला. शिट्ट्या काय, जीपचे हॉर्न काय, नुसता दंगा!

फय्याज मोबाईल घेऊन धावला, "मॅडम, ओ मॅडम, एक सेल्फी!"

ग्यानबा गर्रकन वळला. "मॅडम कोनाले म्हनतं बे? माय हाय ते माही!"