आईचं नाव आधी विचारणाऱ्या डॉक्टर

डॉ. मंदाकिनी शिरगावकर यांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा मी जीभ बाहेर काढून बसलो होतो. आखातातल्या रुवैसला रिफायनरीत नोकरीवर रुजू होऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. नव्वदीची सुरुवात, ऐन उन्हाळा, बायको-मुलगी अजून पुण्यात, आणि घसा असा धरलेला की थुंकी गिळायचीही चोरी. वसाहतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, कार्ड ओढलं आणि विचारलं, "आईचं नाव काय?"

"माझ्या आईचं? अहो, घसा माझा दुखतोय!"

"ते दिसलं. आईचं नाव सांगा, देवधर."

मी सांगितलं. कार्डावर तिकडच्या रीतीप्रमाणे माझं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव छापलेलं होतं. आईसाठी जागाच नव्हती. डॉक्टरांनी पेन्सिलने समासात 'सरस्वती' असं लिहिलं आणि मग औषध दिलं. बाई जरा चक्रम दिसतात, असं मनाशी म्हणत मी बाहेर पडलो. आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मानाने लिहायला बसलोय, तेव्हा हेही कबूल केलेलं बरं.

हा चक्रमपणा त्यांनी सगळ्यांवर सारखाच चालवला. एकदा एक पठाण ड्रायव्हर अडून बसला. त्यांच्याकडे परक्यासमोर आईचं नाव घेत नाहीत. "डॉक्टर साब, दवाई दो, नाम नहीं दूँगा," म्हणाला. डॉक्टर मुळीच रागावल्या नाहीत. "ठीक है भाई, मत दो," म्हणाल्या आणि समासात नुसतं 'आई आहे, गावी' एवढं लिहिलं. चौथ्या खेपेला त्या गड्याने दार लोटून घेतलं आणि नाव कानात सांगितलं. ते डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं नाही आणि आजतागायत कुणाला सांगितलंही नाही. मी दोनदा विचारून पाहिलं, दोन्ही वेळा बोलणी खाल्ली.

ही सवय त्यांना लागली ती ग्रीक स्तोत्रांमुळे. मी येण्याआधी वसाहतीत एका ग्रीक इंजिनिअरची आई राहत होती. एलेनी त्यांचं नाव, निवृत्त शाळामास्तरीण, जुन्या ग्रीक भाषेच्या. गुडघ्यांनी हैराण झालेल्या. डॉक्टर रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन गुडघ्यांचे व्यायाम करून घ्यायच्या आणि बदल्यात एलेनीबाई त्यांना ग्रीक शिकवायच्या. अडीच वर्षं हे चाललं. गुडघे म्हणावे तसे सुधारले नाहीत, ग्रीक मात्र चांगलंच सुधारलं. दवाखाना सांभाळून, चाळिशी उलटल्यावर, एक मेलेली भाषा मुळाक्षरांपासून शिकायची म्हणजे काय चिकाटी हवी! आम्हाला साधं अरबी धड येईना. 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे संपलं, या दोन शब्दांवर आम्ही दहा वर्षं काढली.

मग डॉक्टरांनी शुक्रवारचं वाचन सुरू केलं. सुट्टीच्या दुपारी आम्ही पाच-सहा मराठी घरातली माणसं त्यांच्या हॉलमध्ये जमायचो. मी गेलो तो साबुदाण्याच्या खिचडीसाठी, हे नीला, म्हणजे माझी पत्नी, सगळ्यांना सांगते आणि ते खरंच आहे. डॉक्टर मूळ ओळी वाचायच्या, मग स्वतःचा मराठी अनुवाद म्हणायच्या. अनुवाद अर्थाला अगदी चोख, पण छंदात काही बसायचे नाहीत. डॉक्टर ते दामटून बसवायच्या, आणि वर चालीवर म्हणायच्या! त्यांच्या गाण्याबद्दल गौरवग्रंथात याहून जास्त लिहिणं बरं नाही.

पण त्या जे समजावून सांगायच्या, ते मी जन्मात विसरणार नाही. ही स्तोत्रं कशी असतात? देवापुढे हात जोडले की भक्त लगेच मागायला लागत नाही. आधी हा देव कुणाचा मुलगा, आई कोण, कुठल्या माळरानावर जन्मला, कुणी वाढवला, हे सगळं सांगायचं आणि अगदी शेवटी हळूच म्हणायचं, बाबा रे, माझं दुखणं घालव. "म्हणजे आपलं अंजनीसुत, देवकीनंदन, गौरीनंदन," नीला म्हणाली. "बरोब्बर!" डॉक्टर खूश झाल्या. "बरं करणाऱ्याला त्याच्या आईची आठवण दिली की तो लक्ष देऊन ऐकतो. मग मला वाटलं, हे उलटं का नको? बरं व्हायला आलेल्यालाच त्याच्या आईची आठवण द्यावी. घाबरलेला माणूस जरा सैल होतो." त्यांची सगळी वैद्यकी या एका विचारावर उभी आहे, असं मला वाटतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती लिहायची की नाही, यावर आमच्या घरात बराच खल झाला. ऋचा म्हणाली, "लिही बाबा, बट राइट इट प्रॉपरली." तेव्हा नीट लिहितो.

ऋचा आमची दत्तक मुलगी. तीन महिन्यांची असताना आम्ही तिला पुण्यातल्या एका संस्थेतून घरी आणलं. आमच्या आई-वडिलांखेरीज हे कुणालाही ठाऊक नव्हतं. रुवैसला आल्यावर तर आम्ही ते मनात असं पुरून टाकलं की आमचं आम्हालाही आठवू नये. लोक म्हणायचे, "डोळे अगदी नीलावर गेलेत," आणि नीला हसून मान डोलवायची.

सात वर्षांची असताना ऋचा फिकी दिसायला लागली. दोन जिने चढली तरी दम लागायचा. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला जवळ बसवलं, नेहमीप्रमाणे आईचं नाव विचारलं, आणि ती ऐटीत म्हणाली, "नीला देवधर!" मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "घरात कुणाला रक्ताचा काही त्रास? तुमच्याकडे, नीलाकडे?"

'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर फारच बरं झालं असतं. पण माझी जीभ! संशयाला जागा राहू नये म्हणून मी सजवून सांगितलं, "नीलाला लहानपणी अगदी असंच होतं. लोहाच्या टॉनिकवरच वाढली ती. दोन-तीन वर्षांत ठणठणीत." नीला शेजारी बसली होती. ती पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली. डॉक्टरांनी विश्वास ठेवला आणि लोहाचं औषध सुरू केलं.

दहा महिने ऋचाने ते गोळ्या-टॉनिक घेतलं. फिकेपणा जाईना. एके दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "देवधर, मला हे वेगळं वाटतंय. थॅलेसेमियाचा मधला प्रकार असू शकतो. तो आई आणि बाप दोघांकडून येतो. तिघांचंही रक्त अबू धाबीला पाठवू."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. तिघांचं रक्त तपासलं की सगळं बाहेर पडणार! मी म्हटलं, प्लांटचं शटडाउन चालू आहे. पुढच्या आठवड्यात म्हटलं, नीलाला बरं नाही. तिसऱ्या आठवड्यात काय म्हटलं ते आठवतही नाही. पोरगी दिवसेंदिवस पांढरी पडतेय आणि तिचा बाप तारखा पुढे ढकलतोय. लाज वाटते लिहिताना.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी वाचनात आरोग्याच्या देवाचं स्तोत्र निघालं. अस्क्लेपियस त्याचं नाव. बाप अपोलो. आई मानवी, त्याच्या जन्माआधीच गेलेली. बापाने पोर चितेवरून उचललं आणि दुसऱ्याच्या स्वाधीन केलं. त्या पालकाने त्याला वाढवलं, झाडपाल्याची विद्या शिकवली, आणि ते पोर जगाला बरं करणारं झालं. मी खिचडीची बशी खाली ठेवली. डॉक्टर पुढे सांगत होत्या, "गंमत म्हणजे याच्या आईबद्दल एकमत नाही. एका गावाचे लोक एक आई सांगतात, दुसऱ्या गावाचे दुसरीच. दोन्हीकडे त्याची देवळं होती आणि दोन्हीकडे लोक बरे होऊन घरी जात होते."

सगळे उठून गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. डॉक्टर भांडी विसळत होत्या. "डॉक्टर, तुम्हाला कळलंय ना? म्हणूनच आज हे वाचलंत ना?"

"काय कळलंय? हा पुढचाच पाठ होता, देवधर."

मग मला सांगावंच लागलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला. मला वाटलं होतं, त्या समजूत घालतील. कसली समजूत! "तुमचं मूल दत्तक आहे याचं मला काय करायचंय? दहा महिने तुम्ही माझ्या हातून त्या पोरीला लोह द्यायला लावलंत! हा तोच आजार असेल तर ते लोह तिच्या अंगात साठत गेलं असेल. हृदयात, यकृतात. कळतंय का तुम्हाला?" त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी रडायला लागलो. थोड्या वेळाने त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "आणि मी? बाप म्हणाला म्हणून मी तपासणी दहा महिने लांबवली. चूक माझीही आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचाचं रक्त अबू धाबीला गेलं. फक्त तिचं. आजार तोच निघाला. लोह साठायला लागलं होतं, पण अजून वेळ गेलेली नव्हती. औषध बंद झालं, योग्य उपचार सुरू झाले. आणि मग डॉक्टरांनी जे केलं ते करणारा दुसरा डॉक्टर मी पाहिलेला नाही. आठ वर्षांच्या मुलीसमोर त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "ऋचा, मी तुला चुकीचं औषध दिलं. मला माफ कर." ऋचाने विचार केला आणि म्हणाली, "इट्स ओके आंटी. इट वॉज यक्की एनीवे."

आमचं गुपित त्यांनी सात वर्षं पोटात ठेवलं. पण आम्हालाही सोडलं नाही. "तिला तिच्या आजाराचा खरा इतिहास कळायला हवा. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं." दर वर्षी ऋचाच्या वाढदिवसाला शुभेच्छांनंतर मला फोनवर बोलवायच्या. "सांगितलंत?" "नाही." "बरं." आणि फोन ठेवायच्या. त्या 'बरं'ची मला वर्षभर धास्ती असायची.

शेवटी ऋचा पंधरा वर्षांची असताना शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी घरातल्यांचे ब्लड ग्रुप लिहायला बसली. आम्ही दोघं ओ, ती बी. "बाबा, धिस इज नॉट पॉसिबल," ती म्हणाली आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिली. आम्ही सांगितलं. तिने खोलीचं दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला आंटीकडे सोड." डॉक्टर तेव्हा खलिफा सिटीत राहायला गेल्या होत्या, आम्हीही अबू धाबीत आलो होतो. ती आत गेली आणि मी गाडीत एसी लावून दोन तास बसलो. माझी मुलगी त्या दारातून माझी म्हणून बाहेर येईल का, एवढाच प्रश्न डोक्यात. ती आली, सीटबेल्ट लावला, डोळे सुजलेले. म्हणाली, "यल्ला, घरी चल. आईने जेवायचं काय केलंय?" आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. डॉक्टर सांगत नाहीत आणि मी आता विचारतही नाही.

गेल्या महिन्यात ऋचाला नव्या तज्ज्ञांकडे दाखवायला नेलं. ती आता अठरा वर्षांची आहे. तज्ज्ञांनी फाईल उघडली आणि सवयीने मलाच विचारलं, "एनी फॅमिली हिस्टरी?" माझं तोंड उघडणार इतक्यात ऋचाने माझ्या हातावर हात ठेवला. "डॉक्टर, आय अ‍ॅम अडॉप्टेड. फॅमिली हिस्टरी नॉट नोन. हे माझे बाबा आहेत. यांना काही विचारू नका, घाबरले की हे खोटं बोलतात." आणि मग ती हसली, मी हसलो, ते तज्ज्ञ गोंधळून आमच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टर, तुम्ही आम्हाला मुलगी दोनदा दिलीत. एकदा आजारातून आणि एकदा आमच्या भित्रेपणातून. तुम्हाला साठ वर्षं पूर्ण झाली, पुढची चाळीसही अशीच धडधाकट आणि आम्हाला रागावत जावोत. तुमचे डोळे, गुडघे आणि तो आवाज शाबूत राहोत. इन्शाल्ला, ऋचाची मुलं तुमच्यासमोर स्टुलावर बसतील आणि तुम्ही विचारलंत की न घाबरता आपल्या आईचं नाव सांगतील.