भारत विरुद्ध परदेश आणि आमच्या पोराचं जावळ

देशाचा अभिमान वाटतो का, असं हल्ली कुणीही उठून विचारतं. मी सरळ सांगते, बाई, मला तो एकदम वाटत नाही. मी कोल्हापूरची. आमच्याकडं अभिमान आधी गल्लीचा, मग तालमीचा, मग पेठेचा. एवढं करून घसा शिल्लक राहिलाच तर कोल्हापूरचा. त्याच्यापुढं देश लागतो हे शाळेत शिकवलं होतं आणि पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत मीही बेंबीच्या देठापासून ओरडले आहे. पण लक्ष सगळं नंतर मिळणाऱ्या गोळ्यांकडं असायचं, खोटं कशाला बोलू?

बरं, अभिमान वाटायला आपण काही केलेलं तरी पाहिजे. माझ्या पुरणपोळीला कुणी चांगलं म्हटलं तर माझी मान वर होते, कारण पुरण मी वाटलेलं असतं. हिमालय काय मी रचलेला नाही. मी असं म्हटलं की आमचे हे विचारायचे, "मग तालमीनं शिल्ड मारली की तू का नाचतीस? तू काय गोल मारलाईस व्हय?" मग मी उठून चहाला आधण ठेवत असे.

तरीपण एकदा देश आमच्या अगदी घरात शिरला होता. सत्तर सालानंतरची गोष्ट.

माझं माहेर आणि सासर ह्यांच्या मधे एक रस्ता. हाक मारली तर ऐकू जाते. पण पेठा दोन आणि तालमी दोन. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे. तालमीचा गणपती असतो, तालमीचा फुटबॉलचा संघ असतो आणि तालमीची भांडणंही असतात, ती पिढीजात. माझा थोरला भाऊ माहेरच्या संघाचा गोलकीपर. माझा नवरा सासरच्या संघाचा फॉरवर्ड. हे लग्न जमवणारा पाहुणा गगनबावड्याकडचा होता. तिकडं निम्मं वर्ष पावसात हातभरावरचं दिसत नाही, त्याला फुटबॉल कुठला दिसायला! त्यानं पत्रिका बघितल्या, शेती बघितली, आणि सुपारी फोडून मोकळा झाला.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग दोन्ही तालमींची फायनल आली आणि ह्यांनी अगदी शेवटाला गोल मारला. मारायला माझी ना नाही, खेळ आहे. पण हे तसेच धावत पुढं गेले आणि मातीत पालथ्या पडलेल्या माझ्या भावासमोर उभं राहून त्यांनी शड्डू ठोकला. आखाड्यात पैलवान आव्हान द्यायला मांडीवर थाप मारतो, तसा. मेव्हण्यासमोर दाजीनं शड्डू! अख्खं मैदान खदखदून हसलं. भाऊ अंगावरची माती झटकत म्हणाला, "आजपास्नं तुज्या घराचा उंबरा चढलो तर नाव लावणार न्हाय बापाचं."

हे म्हणाले, "नगं चढू. कोण बोलीवतंय?"

झालं! मी तेव्हा पोटुशी होते. मुलगा झाला, बारसं मामाशिवाय उरकलं. पण जावळाचं काय करायचं? पोराचे पहिले केस काढायचे तर ते मामाच्या मांडीवर बसवून, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंना मी म्हटलं, चुलतभावाला बसवू. त्या कडाडल्या, "सख्खा मामा रस्त्यापलीकडं जित्ता हाय आनि चुलत कशाला? लोक काय म्हणतील?" मग काय, केस वाढत गेले. पोराला तिसरं वर्ष लागलं, तरी झिपऱ्या डोळ्यांवर. मी दोन्हीकडं रिबिनी बांधायची. देवळात बायका गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, "पोरगी लई ग्वाड हाय हो!" हे ऐकून आमचे हे चरफडायचे, पण चुकलं म्हणतील तर शपथ.

मी दोन्ही घरी जाऊन भांडले. भाऊ म्हणायचा, आधी त्यानं चुकलं म्हणावं. हे म्हणायचे, "गोल मारून वर माफी मागाय मी काय खुळा हाय?" दोन गाढवं! आणि मधल्या मधे माझं पोर झिपरं. लोकांपुढं मी हसायची. पण पोराला न्हाऊ घालताना ते लांब केस हातात आले की मला रडू यायचं. माझा भाऊ रोज समोरच्या रस्त्यानं जायचा आणि माझ्या दाराकडं मान वळवायचा नाही. ते सहन होत नव्हतं.

अशात एक दिवस कर्णा लावलेली रिक्षा गल्लीत शिरली. "भारत विरुद्ध परदेश! फुटबॉलचा रोमहर्षक सामना!" परदेश म्हणजे कुठला, ते रिक्षातल्यालाही माहीत नव्हतं. कुणी रशिया म्हणालं, कुणी ब्राझील. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं हा घाट घातला होता आणि सगळ्या तालमींतून निवडलेला संघ 'भारत' म्हणून उतरणार होता. गोलात माझा भाऊ. पुढं माझा नवरा. मी देवापुढं साखर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यापुढं वाकंनात, देशापुढं तरी वाकतील मुडदे."

पण आमची सासरची पेठ धुमसत होती. आमच्या पेठेचा गोलकीपर घेतला नव्हता ना! कट्ट्यावर निकाल लागून गेला: "गोलात त्येंचा मानूस हाय न्हवं? मग त्यो भारत त्येंचा. आमचा काय संबंध?"

सामन्याला बायकांची खास सोय होती, मैदानाच्या कडेला कापडी मांडव. मी आणि सासूबाई पोराला घेऊन पुढंच बसलो. पुढारी माइकवर गरजला, "आज ना पेठ, ना तालीम! आज फक्त भारतमाता!" टाळ्या कडकडल्या. मग परदेश मैदानात आला. कुणी इराणचा, कुणी केनियाचा, कुणी आणखी कुठला. सगळी शिकायला आलेली कॉलेजची पोरं. त्यांचा कप्तान उंच, हसऱ्या तोंडाचा. आमच्या पेठेच्या बाजूनं कुणीतरी हाळी दिली, "काय पावणं, कुठलं म्हणायचं तुम्ही?"

कप्तानानं स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, "सध्या पुण्याचे आहोत."

मग एकदम गिल्ला उठला, "आयला, पुण्याचं हाईत! सोडू नका रं!" परदेशाविरुद्ध जो जोर काही केल्या येत नव्हता, तो पुण्याच्या नावानं आला.

राष्ट्रगीताला हे दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. दोघंही ताठ, नजर समोर, आणि मधे एक माणूस मावेल एवढी जागा. माझ्या अंगावर काटा आला. तो अभिमानाचा होता का धास्तीचा, मला अजून सांगता येत नाही.

खेळ सुरू झाला. आमच्या ह्यांनी बॉल मागं गोलकीपरकडं म्हणून दिला नाही. चारी बाजूंनी घेरले तरी बाहेर मारतील पण मेव्हण्याला देणार नाहीत. थोड्या वेळानं त्या कप्तानानं लांबून एक फटका हाणला. भाऊ उजवीकडं झेपावला, बॉल डावीकडनं आत गेला. आणि काय सांगू! आमची पेठ उठून नाचायला लागली. टोप्या उडाल्या, हलगी वाजली. कप्तान बिचारा गांगरला, त्यानं लोकांकडं वळून हात जोडले. पुढारी माइकवर कळवळून ओरडला, "अरे, गोल आपल्यावर झालाय!"

"आमच्यावर न्हाय!" पेठेनं एकमुखानं सांगितलं. "त्येंच्यावर झालाय!"

तेवढ्यात आमच्या शेजारच्या घरातला एक तरणा गडी बांबूच्या कुंपणावर चढला आणि त्यानं माझ्या भावाला खच्चून शिवी दिली. बहिणीवरून. आमच्याकडं गोलकीपरला शिवी द्यायची ती बहिणीवरूनच, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण ह्या गोलकीपरला बहीण एकच होती, ती मांडवात बसली होती, आणि सकाळीच त्याच शेजाऱ्याच्या घरी तांब्याभर ताक देऊन आली होती.

मांडवातल्या बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. माझे कान तापले. सासूबाईंनी पायातलं पायताण हातात घेतलं.

त्या वेळी बॉल आमच्या ह्यांच्या पायात होता आणि पुढं फक्त एक गडी. ते थांबले. बॉल तिथंच सोडला, वळले, धावत येऊन त्यांनी शेजाऱ्याला कुंपणावरनं खाली ओढलं. "कुणाच्या भनीला म्हणालास रं?"

"दादा, तुमास्नी न्हाय! म्या त्या गोलकीपरला म्हणालो."

"आनि त्येची भन कोण हाय?"

शेजारी आधी विचारात पडला. मग त्याचा चेहरा असा उतरला, की मला त्या अवस्थेतही हसू फुटलं. "आयला," तो म्हणाला, "वैनी!"

पण तोवर त्याचे दोस्त ह्यांच्यावर तुटून पडले होते आणि हे खाली गेले होते. ते बघून माझा भाऊ गोल सोडून सुटला. मघाशी बॉलवर झेपावला नव्हता असा झेपावला. दोघं पाठीला पाठ लावून त्या घोळक्यात उभे राहिले, शर्ट फाटले, ओठ फुटले, आणि शेवटी त्यांना सोडवायला परदेशाचा अख्खा संघ धावला. एक पोरगा सोडून. त्यानं बॉल रिकाम्या गोलात घातला. तो गोल रेफरीशिवाय कुणी बघितलाही नाही.

भारत दोन गोलांनी हरला. तरी पुढाऱ्यानं ह्या दोघांना स्टेजवर घेतलं. म्हणाला, पेठ विसरून देशासाठी कसं लढावं, हे ह्या जोडीकडून शिका! आणि माइक आमच्या ह्यांच्यापुढं धरला. हे सुजलेल्या ओठांनी म्हणाले, "देशाचं काय न्हाय साहेब. बायकोचा इषय हुता."

मैदान हसून लोटपोट. मी पदर तोंडावर ओढला. लाज वाटली, पण पदराआड माझी मान हातभर वर झाली होती. आणि त्यात मी केलेलं काहीही नव्हतं.

भाऊ ह्यांच्याबरोबर आमच्या दारापर्यंत चालत आला. उंबऱ्यापाशी थांबला. "शब्द दिलाय," म्हणाला आणि खाली बघत उभा राहिला. ह्यांनी एवढी हाडं मोडून घेतली, पण चुकलं हा एक शब्द तोंडातून निघेना! सासूबाईच पुढं झाल्या. "उंबरा चढनार न्हाई म्हणालास न्हवं? कट्टा चढनार न्हाई आसं कुठं म्हणालास? सकाळी ये. न्हाव्याला सांगून ठेवते."

सकाळी आमच्या कट्ट्यावर पाट मांडला. निम्म्या रस्त्यापर्यंत आमची पेठ आणि पुढं माहेरची, अशी गर्दी झाली. भाऊ नवं धोतर नेसून बसला, पोराला मांडीवर घेतलं. पोरानं मामाला इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं, त्यानं गळा काढला. न्हावी वस्तरा परजतोय, तेवढ्यात गर्दीतून तो परदेशी कप्तान वाट काढत आला. परतीची एसटी गाठायच्या आधी तो मुद्दाम माफी मागायला आला होता. "दुसरा गोल धरू नका," तो म्हणाला. "आम्हाला फार वाईट वाटलं."

"गोल ऱ्हाऊ दे, पावणं," सासूबाई म्हणाल्या. "बसा, शिरा खावा."

तो बसला. काय चाललंय, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. मग तो म्हणाला, त्याच्या बहिणीलाही मुलगा झालाय, त्यानं फक्त फोटो बघितलाय. माझा भाऊ थोडा सरकला आणि पोराचा एक पाय त्यानं त्या कप्तानाच्या मांडीवर ठेवला.

पहिली बट खाली पडली. भाऊ तिच्याकडं बघत राहिला आणि एवढा आडदांड माणूस, हुंदके द्यायला लागला. आमचे हे उंबऱ्याच्या आत चौकटीला धरून उभे होते. त्यांनी घसा खाकरला.

"चुकलं माजं," ते म्हणाले. "शड्डू ठोकाय नगं हुता."

"व्हय. नगं हुता," भाऊ पोराचं डोकं धरून म्हणाला. त्यानं बाहीनं नाक पुसलं. "पर गोल लई देखणा मारलासा, दाजी. इतकी वरसं कुणापाशी बोलता येईना."