जावेचा जिना

आमच्या पुतळाबाईला स्वतःच्या घरात काय कमी आहे याची फिकीर नसे. थोरल्या जावेच्या घरात काय जास्त आहे, ते तिला खुपायचं. जाऊ म्हणजे सुंदराबाई, समोरच्याच घरातली. दोन्ही घरं एकाच गवंड्याने बांधलेली, उंचीसुद्धा तीच. फक्त सासू राहायची सुंदराबाईकडे, आणि पुतळाबाईला ते उभं जाळायचं. सणाला बोलावलं तर म्हातारी पायरीवर टेकून चहा घ्यायची आणि 'सुंदरा वाट बघत असंल' म्हणत उठायची. तिच्या तोंडून आपल्यासाठी एक बरा शब्द निघावा म्हणून पुतळाबाईने काय काय केलं असेल! पण नाही.

वाशीचा घाऊक बाजार वाढला तसे गावात भाडेकरू आले आणि घरांवर मजले चढले. सत्त्याण्णव साली सुंदराबाईने वर दोन खोल्या काढल्या आणि अंगणातून वर हिरवा लोखंडी जिना नेला. झालं! पुतळाबाईनेही वर खोल्या काढल्या, आणि आपला जिना जावेच्या जिन्याहून लांब असणार हे ठरवून टाकलं.

पण माप घेणार कसं? टेप घेऊन जावेच्या दारात उभं राहायचं म्हणजे आपण जळतो हे आपल्याच तोंडाने सांगायचं. पुतळाबाईची शाळा नववीनंतर लग्नाने सुटली, पण भूमितीत ती वर्गात पहिली असायची. वाटीभर कोळंबीचं कालवण घेऊन ती जावेकडे गेली आणि गप्पा मारता मारता अंगणातल्या फूटभर लाद्या मोजून आली. भिंतीपासून जिन्याच्या पायापर्यंत नऊ.

घरी येऊन तिने खडूने फरशीवर काटकोन त्रिकोण काढला. उंची आपल्या घराएवढीच, बारा; पाया नऊ. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, नवाचा एक्क्याऐंशी, बेरीज दोनशे पंचवीस. वर्गमूळ पंधरा. म्हणजे तिरकी बाजू पंधरा फूट.

"आपला वीस फुटांचा पायजे," तिने नवऱ्याला सांगितलं.

"यवरा?" गोटीराम म्हणाला. "जिना हाय का खाडीवरचा पूल?"

उंची वाढवता येणार नव्हती, तेव्हा पायाच वाढवायचा. चारशेतून एकशे चव्वेचाळीस गेले, उरले दोनशे छप्पन्न, वर्गमूळ सोळा. सोळा फूट अंगण जिन्याने खाल्लं आणि गोटीरामची स्कूटर गल्लीत गेली. पुतळाबाईला त्याचं काय! जाऊ दारात दिसली की ती उगाचच वर-खाली करायची.

पाया लांबला की चढ कमी होतो, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. सासूच्या गुडघ्यांना ते बरोबर कळलं. सुंदराबाईचा उभा जिना म्हातारीला कधीच चढवला नव्हता. एका संध्याकाळी ती आपणहून आली आणि कठडा धरत थेट वर पोचली. पुतळाबाईला काय करू नि काय नको झालं. खुर्ची आली, उशी आली, दुधाचा चहा आला.

"पुतळे, ह्यो जिना बरा हाय गो. गुडगं दुखलं नाय. माप कोनी काढलं?"

"मी, आये!"

"मंग सुंदराला पन काढून दे, ह्याच्याहून बी सोपा. तिकडं वर जाया मना जमत नाय."

पुतळाबाईचा चेहरा पडला. 'तिकडं जागा पुरनार नाय' असं खोटं सांगावं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण समोरच सुंदराबाईचं अंगण दिसत होतं, फाटकापर्यंत चांगलं वीस फूट. नको नको म्हणताना आकडे तिच्या डोक्यात भराभर मांडले गेले. चारशे आणि एकशे चव्वेचाळीस, पाचशे चव्वेचाळीस. तेवीसचा वर्ग पाचशे एकोणतीस, चोवीसचा फार होतो.

"तेवीस फूट," ती कशीबशी म्हणाली. "वर चार बोटं."

म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "हुशार हाय गो माजी सून."

लग्नापासून ज्या शब्दासाठी ती झुरली तो आज मिळाला, जावेचा जिना आपल्याहून लांब करून दिल्याबद्दल.