खिशातला हिरवा खडा

हसणार असाल तर आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट माझा गेला होता.

तर मी बॉयलरवाला. म्हणजे सुरतेत, पांडेसरा भागातल्या एका डाइंग मिलमध्ये इंजिनियर आहे. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरचा चार्ज घ्यायला सरकारी परीक्षा पास व्हावी लागते. लेखी आणि तोंडी. ते सर्टिफिकेट नसेल तर डिग्री गळ्यात घालून फिरा, बॉयलरसमोर तुम्ही पाहुणेच. मला ते हवं होतं, कारण मला सुरतेतली एकूण एक मिल सुरक्षित करायची होती. सुरुवात आमच्या मिलपासून करणार होतो. शेठला अजून सांगितलं नव्हतं.

समाज सुधारायचं कामही माझ्याकडेच होतं. आम्ही लिंबायतचे. गल्लीत निम्मी घरं खानदेशातली. आणि खानदेशी माणूस वर्षभर कितीही सज्जन असला तरी आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळणारच. तेवढा एक दिवस सगळ्यांना माफी असते. एका आखाजीला मी ती माफी रद्द केली. ओट्यावर उभं राहून असं भाषण ठोकलं की दोन बायका रडल्या. मग घरोघरी फिरून पत्त्यांचे कॅट गोळा केले. त्यात सगळ्यात देखणा कॅट माझ्या सख्ख्या मामाचा. मामा दोन गल्ल्या सोडून राहतो, रिक्षा चालवतो. त्याने कॅट माझ्या हातात देण्याआधी एकदा कपाळाला लावला.

"जाळून टाकतो," मी म्हणालो.

बाकीचे जाळले. मामाचा नाही जाळला. का ते विचारू नका. चांगला कॅट होता.

पुढे दिवाळीत भेस्तानच्या जिग्नेशने मला पोकर शिकवलं. जिग्नेश माझा कॉलेजचा मित्र, घरचा धंदा लग्नाच्या चनियाचोळीचा. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं त्याच्या घरी बसायचो. पैसे लावायचे नाहीत, ही माझी अट. पैशांच्या जागी चनियाचोळीवर चिकटवायचे खडे. हिरवा खडा सगळ्यात भारी, आणि जिंकलेला खडा घरी न्यायची मुभा. कॅट अर्थात मीच आणला होता.

आता तुम्ही म्हणाल, हा तर ढोंगीपणा झाला. नाही. पत्ते म्हणजे नशीब, पोकर म्हणजे गणित. शिवाय माझी तोंडी परीक्षा होती. समोरच्याचा चेहरा वाचायचा, आपला चेहरा कोरा ठेवायचा. याहून चांगला सराव कुठे मिळणार? जिग्नेशचं उदाहरण घ्या. तो आपली पानं बघून कान खाजवायला लागला की समजायचं, त्याच्याकडे भारी पानं आहेत, आपण मुकाट्याने माघार घ्यायची. हे मी शोधून काढलं होतं. घरी मात्र मी "अभ्यासाला जातो" एवढंच सांगायचो. ते खोटं नव्हतं, विषय तेवढा सांगितला नव्हता.

लेखी परीक्षा झाली, बरी गेली. तोंडी जवळ आली. आणि एका सोमवारी आईने माझी पँट धुवायला घेतली.

आई घरी साड्यांना खडे चिकटवते. आख्ख्या लिंबायतमध्ये खड्यांची अशी पारख कोणाला नाही. तिने खिशातला हिरवा खडा उजेडात धरला, उलटा केला, नखाने मागची बाजू खरवडली.

"हाऊ खडा कथाईन उना?"

मी चेहरा कोरा ठेवून सांगितलं, मिलमध्ये चिकटला असेल कुठेतरी. आईने खडा पदराला बांधला. आमच्या मिलमध्ये नुसतं कापड रंगवतात, खडा कोणी डोळ्यांनीसुद्धा बघत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यानंतर ती दर सोमवारी माझे खिसे तपासू लागली. आणि दर सोमवारी तिला काहीतरी मिळू लागलं.

मला वाटलं, आपलं पोकर उघडकीला आलं. तिला काय वाटत होतं ते मला फार उशिरा कळलं. तिच्या हिशेबाने हे खडे नवरीच्या कपड्यांवरचे होते, आणि पोराच्या खिशात दर रविवारी नवरीच्या कपड्यांवरचे खडे येत असतील तर त्याचा अर्थ काय होतो?

पुढच्या आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मी कामावरून आलो तर घरात मामा बसलेला. आबा, म्हणजे माझे वडील, लूमवरून लवकर आले होते. आबा लवकर येतात ते फक्त मयत असेल तेव्हा. मधोमध बशीत सगळे खडे मांडून ठेवले होते.

"आम्हाले समदं माहीत शे," आई म्हणाली.

मी विचार केला, आता लपवण्यात अर्थ नाही. तरुण माणसाने ताठ मानेने बोलावं. मी बसलो आणि ताठ मानेने बोललो.

"कधीपासून चालू आहे?" आबांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"कुठे?"

"भेस्तानला. जिग्नेशच्या घरी."

आई आणि मामाने एकमेकांकडे बघितलं. जिग्नेशला एक बहीण आहे, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

"त्याच्या घरच्यांना माहीत आहे?"

"म्हणजे काय? त्याची आई स्वतः चहा करून देते."

आईने पदराने डोळे पुसले. मामाने खालच्या आवाजात विचारलं, जात कोणती? आता हा प्रश्न माझ्यासमोर कोणी विचारावा? मला वाटलं, मामा पोकरच्या टोळक्याची चौकशी करतोय. मी उसळलो. "मामा, तिथे कोणी जात बघत नाही. तुम्हीही सोडा आता. माणूस बघा." हे मी बराच वेळ आणि बरंच चांगलं बोललो. आबा हळूहळू मान हलवायला लागले. मला चेव आला. म्हणालो, "आणि पैशाचं म्हणाल तर एक रुपया घ्यायचा नाही, द्यायचा नाही. ही अट मीच पहिल्या दिवशी घातली."

"पोरगं शिकलंय," आबा मामाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमचा विरोध नाही. आधी तोंडी परीक्षा पास हो. मग मी स्वतः भेस्तानला जातो त्यांच्याकडे."

मला वाटलं, एवढा मोठा मनाचा बाप जगात नसेल. पोरगा पोकर खेळतो म्हणून हा माणूस भेट द्यायला जाणार! पण त्यांनी उगाच त्रास घेऊ नये, म्हणून मी दोन वाक्यं जास्तीची बोललो.

"अहो आबा, तुम्ही कशाला जाताय? त्यात एवढं गंभीर काही नाही. रविवारची मजा आहे नुसती. कंटाळा आला की सोडून देईन."

मामा उभा राहिला. मामा पाच फूट दोन इंच आहे, पण त्या दिवशी तो पंख्याला लागेल असं वाटलं.

"लोकाची पोर म्हणजे तुला मजा वाटली?"

"कोणाची पोर?" मी विचारलं.

तिघांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बशीतल्या खड्यांकडे.

"पोर नाही हो," मी म्हणालो. आणि पुरावा म्हणून, म्हणजे माझं चारित्र्य स्वच्छ आहे हे सिद्ध करायला, बॅगेतून कॅट काढून बशीशेजारी ठेवला.

माझा गाढवपणा कोणता असं विचाराल तर तो हा.

मामाने सगळ्यात वरचं पान उचललं. चौकटचा गुलाम, कोपऱ्यात हळदीचा डाग. त्याने ते पान आबांना दाखवलं, मग आईला दाखवलं, मग स्वतः पुन्हा बघितलं. आवाज न चढवता म्हणाला, "मी वर्षभर समजत होतो, हा मेला."

दुसऱ्या दिवशी गल्लीत आखाजी जोरात झाली. झाडून सगळे पत्ते खेळले. मला खोलीत अभ्यासाला बसवलं होतं, आणि दर डावानंतर मामा खिडकीतून मला कोण जिंकलं ते सांगून जात होता.

राहता राहिली तोंडी परीक्षा. समोर एक वयस्कर साहेब. पहिलाच प्रश्न सोपा: गेज ग्लासमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसेनासं झालं, बॉयलर तापलेला आहे, काय करशील? हे बॉयलरवाल्याला झोपेतसुद्धा येतं. मी म्हणालो, आग बंद करीन, पाणी अजिबात सोडणार नाही.

"पक्कं?" साहेब म्हणाले. आणि त्यांनी कान खाजवला.

दिवाळीपासूनचा माझा सगळा अभ्यास त्या एका कानावर एकवटला. ह्यांच्याकडे भारी पानं आहेत. माघार घ्या.

"नाही साहेब," मी म्हणालो, "पाणी सोडीन."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "फाट्युं," ते शांतपणे म्हणाले. म्हणजे फुटला. तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडून मी साहेबांच्या टेबलावर आख्खी मिल उडवली होती. मग त्यांनी खरोखर कुतूहलाने विचारलं, की बरोबर उत्तर दिलं होतंस, बदललंस कशाला? मी खरं सांगितलं. तुम्ही कान खाजवला म्हणून.

"भाई," साहेब म्हणाले, "मच्छर करड्युं." म्हणजे डास चावला होता.

घरी आलो. आई साडीला खडे चिकटवत बसली होती. मी दारातच चेहरा एकदम कोरा केला, जसा भेस्तानला करायचो. तिने मानसुद्धा नीट वर केली नाही.

"नापास?"

मी मान हलवली. आईने एक हिरवा खडा उचलला, गोंद लावला, जागेवर दाबला, आणि तो चिकटेपर्यंत बोट धरून राहिली.

"तेन्हापेक्षा भेस्ताननी पोर ऱ्हाती ते बरं व्हतं," ती म्हणाली. "एक जन तरी पास व्हती घरमा."

जिग्नेशची बहीण परीक्षा पास होऊन बँकेत ऑफिसर आहे. तिला कोणीतरी हा किस्सा सांगितलाय.