एक्कावन्नावा अर्ज

रत्नागिरीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत मी तीस वर्षं कारकुनी केली. त्यातली एक गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. आता ती हयात नाही. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. माझी पंचाहत्तरी जवळ आली, म्हणून लिहून ठेवतो.

संस्थेच्या शाळा जिल्हाभर आणि मुख्य कचेरी मुंबईला. अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा शिकायला मी एकटा पुढे झालो. बाकीचे म्हणाले, "अण्णा, हौस तुमची, निस्तरा तुम्हीच." कॉम्प्युटरला मागची लहान खोली मिळाली, मीही त्याच्याबरोबर तिथे गेलो. धुळीसाठी खिडक्या कायम बंद असायच्या. कामाचं कुणाशी बोलावं, तर दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं.

पुढे चार-पाच वर्षांनी शिक्षकांचे बदलीचे अर्ज पोस्टाने मुंबईला जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर जमा व्हायला लागले. ते टेलिफोनच्या लाईनवरून इकडे उतरवून घ्यायचं काम माझं. सगळे एकदम मागितले की मध्येच लाईन तुटायची आणि हाती काहीच यायचं नाही. म्हणून मुंबईच्या प्रोग्रामर बाईंनी सोय करून दिली होती. एका वेळी एकच पान मागायचं, पानावर पन्नास अर्ज. पहिल्या पानावर पहिले पन्नास, दुसऱ्यावर एक्कावन्न ते शंभर, असं शेवटपर्यंत. या सोयीला त्या एपीआय म्हणत. मी आपला 'पानं मागवतो' म्हणायचो.

लाईन मोकळी मिळायची ती जेवणाच्या सुट्टीत. बाहेर सगळे डबे उघडून बसायचे, हसणं ऐकू यायचं, कुणाच्या डब्यात बांगडा आहे तेही वासावरून कळायचं. मी आत पानं मागवत असायचो.

प्रोग्रामर बाईंनी फोनवर बजावलं होतं, "अण्णा, आधी सगळी पानं उतरवून घ्या. खाडाखोड काय ती नंतर करा." मी हो म्हटलं. पण हाताला सवय रजिस्टरची. हातातलं पान पुरं झाल्याशिवाय उलटायचं नाही, रद्द नोंदीवर तिथल्या तिथे लाल रेघ मारायची, असं मी वर्षानुवर्षं करत आलेलो. रेघ मारली तरी रजिस्टरातली नोंद जागेवरच राहते.

त्या वर्षी एप्रिलात पहिलं पान उतरलं, छापून घेतलं. त्यात संगमेश्वरच्या एका मास्तरांचा अर्ज होता, आणि तो मागे घेतल्याची त्यांची चिठ्ठी सकाळीच आलेली. मी कागदावर लाल रेघ मारली आणि मुंबईच्या कॉम्प्युटरवरूनही तो अर्ज काढून टाकला. मग दुसरं पान मागवलं, तिसरं, पाचव्यापर्यंत. शेवटी मोजले. माझ्याकडे उतरलेले अर्ज दोनशे सोळा, मुंबईचा आकडा दोनशे सोळा. जुळलं. मी समाधानाने डबा उघडला.

मे महिन्यात त्या उतरवलेल्या अर्जांवरून बदल्यांची यादी लागली. दोन दिवसांनी नाटे गावाजवळच्या शाळेतल्या एक बाई आल्या, दोन एसट्या बदलून. मला बाहेर बोलावलं.

"अण्णा, खेडला बदली मागितली होती मी. यादीत माझं नावच नाही."

"अर्ज आला नसेल, बाई."

"असं कसं? पोच आहे ना माझ्याकडे!"

"ती पोस्टाची. कॉम्प्युटरला आला नाही तुमचा अर्ज."

शेजारच्या टेबलावरून आमचे हेडक्लार्क म्हणाले, "बाई, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? त्याची काय सासुरवाडी आहे खेडला?"

सगळे हसले. मीही. बाईसुद्धा ओशाळून हसल्या. मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "मुलगी तीन वर्षांची आहे हो माझी. खेडला सासूबाईंजवळ असते. ह्यांची लोट्याच्या कारखान्यात शिफ्ट, ते काही सोडून येऊ शकत नाहीत. महिन्यातून दोनदा भेटते मला."

"पुढच्या वर्षी भरा," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी आत जाऊन पाहिलं. त्यांचा अर्ज मुंबईच्या यादीत होता, पन्नासाव्या नंबरावर. माझ्या छापील पहिल्या पानावर पन्नासावं नाव दुसरंच होतं. खुर्चीत बसल्या बसल्या मला सगळं उमगलं. मी एक अर्ज काढला तेव्हा रेशनच्या रांगेतून एकजण निघून जावा तसं झालं, मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकले. बाई एक्कावन्नाव्या होत्या, त्या पन्नासाव्या झाल्या. म्हणजे मी आधीच उतरवून घेतलेल्या पानावर गेल्या. दुसरं पान मी एक्कावन्नपासून मागितलं, ते त्यांच्या नंतरच्या माणसापासून सुरू झालं. आकडा जुळला, कारण माझ्या दोनशे सोळांत लाल रेघेचे मास्तर धरलेले होते आणि मुंबईच्या दोनशे सोळांत या बाई.

खेडच्या जागेचा आदेश दुसऱ्याच कुणाच्या नावाने टाईप झाला होता, सही व्हायची होती. मी माझं छापील पान आणि मुंबईची यादी घेऊन साहेबांच्या दारात गेलो. साहेबांनी मान वर केली. "काय अण्णा?"

"आंब्याची पेटी आलीय साहेब. गाडीत ठेवायला सांगू?"

"सांगा."

एवढंच बोलून मी परत फिरलो. 'झेपत नव्हतं तर घेतलंत कशाला' हे ऐकायची माझी तयारी नव्हती. दुपारी सही झाली.

पुढच्या वर्षापासून मी पानं सगळी उतरवल्याशिवाय एका अक्षराला हात लावला नाही. बाईंचं नाव दर वर्षी पहिल्यांदा शोधायचो. नाव असायचं, पण खेडला जागा नसायची. अशी तीन वर्षं गेली, मग त्यांना खेड मिळालं. या काळात लाईनची अडचण संपली होती, नवं कनेक्शन आलं होतं, तरी मी सुट्टीत बाहेर जाऊन बसलो नाही. कुणी ना कुणी म्हणायचंच, "अण्णांचा कॉम्प्युटर चुकत नाही." डबा आतच खायचो.

निवृत्त झाल्यावर एकदा संगमेश्वरच्या स्टँडवर बाई भेटल्या. त्यांनीच ओळखलं.

"अण्णा! तुमच्यामुळे झालं हो माझं काम. दर वर्षी आठवणीने नाव बघायचात म्हणे. कोण करतं एवढं?"

मी म्हटलं, "अहो, त्यात काय."

बरोबर मुलगी होती, आठएक वर्षांची. ती म्हणाली, "बाई, गाडी लागली."

मी बघत राहिलो तशा त्या हसल्या. "सुट्टीत माझ्या शाळेत यायची ना, तिथल्या पोरांचं ऐकून मला बाई म्हणायला लागली. आई म्हणते ती आजीला. आता दोन वर्षं एकत्र आहोत, सुधारेल हळूहळू."

गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून हात हलवत होत्या. मीही हलवला.

लाल रेघेचा तो कागद मी अजून ठेवला होता. काल तो पाकिटात घातला आणि सोबत पत्र लिहिलं, खेडच्या शाळेच्या पत्त्यावर. बाई तिथे नसतील आता, पण कुणीतरी पोचवील. पत्राचं पहिलं वाक्य, 'बाई, तुमचा अर्ज आला होता.' पुढे सगळं लिहिलं, साहेबांच्या दारातल्या पेटीसकट. माफी मागितली, ती द्यावी असं लिहिलं नाही.

पाकीट चिकटवलं, पुन्हा फोडलं आणि खाली माझा फोन नंबर घातला. त्यांना मला काही बोलायचं असेल. मी घरीच असतो.