सगुणाबाईंचा दुसरा लेसर

"जिन मरीजों का लेजर हो चुका है, वे लाइन से बाहर आ जाएँ."

बाहेर मंडपात हे माईकवर सांगत होते, तेव्हा मी आत अंधाऱ्या खोलीत एका पेशंटच्या डोळ्यात लेसरचे ठिपके मारत होते. एसी घरघरत होता, मला काही ऐकू आलं नाही. दुपारी कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

गोंदियातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात मी नोकरीला होते. लेसरचं मशीन आमचं नव्हतं. नागपूरहून व्हॅनमधून वर्षातून दोनदा यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. मग काय, मंडप, हार, दानदाते, आणि प्रत्येक पेशंटला ट्रस्टींच्या हस्ते नारळ. फोटोसकट.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून निचरून जातं. ती जाळी तुंबली की डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि आतली नस वाळत जाते. हा काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जात राहते आणि माणसाला पत्ता नसतो. आमचा लेसर ती जाळी मोकळी करतो. पण त्याचा असर काही वर्षांनी ओसरतो. मग तो पुन्हा मारायचा. यात कोणाची चूक नसते, हे असंच असतं.

सगुणाबाई बोदलकसाकडच्या. तलावात मासे धरायच्या आणि तिरोड्याच्या बाजारात विकायच्या. एक डोळा आमच्याकडे येण्याआधीच गेलेला. दुसऱ्याला मी काही वर्षांपूर्वी लेसर केला होता. आता त्याचं प्रेशर परत चढलं होतं. प्रेशर उतरवणारे थेंब त्यांच्या गावाकडे धड मिळत नसत. म्हणून मीच त्यांना त्या दिवशी बोलावलं होतं.

"सगुणाबाई कुठे आहेत?" मी सिस्टरला विचारलं.

"त्या गेल्या, मॅडम. माईकवर सांगितलं ना."

मी तशीच बाहेर गेले. ट्रस्टी शेठजी दानदात्यांना चहा देत होते. त्यांची राइस मिल, मोठं प्रस्थ.

"कोणी सांगितलं हे?"

"मैंने. एक बार हो गया ना, मॅडम? बस. अब नए लोगों को मौका दो." मग हळू आवाजात म्हणाले, "दुबारा करेंगे तो लोग बोलेंगे, पहले वाला फेल हो गया. दानदाता सामने बैठे हैं."

"शेठजी, धानाचं टरफल काढणारे रबर रोल तुम्ही एकदाच बसवता का?"

"वो तो घिसते हैं."

"मग बदलताना मिल फेल झाली म्हणता?"

"वो मशीन है, मॅडम," ते हसत म्हणाले.

त्या हसण्याने माझं डोकंच फिरलं. मी तिथेच खुर्ची ओढून बसले. म्हटलं, माईकवर आत्ता सांगा की जुन्या पेशंटनी परत यावं, नाहीतर एकही लेसर होणार नाही. दानदाते बघायला लागले, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. चहाला थांबलेले जुने पेशंट परत आले. सगुणाबाईंची बस निघून गेली होती. वरातीमागून घोडं!

निरोप पाठवला, नागपूरला जा. पण न्यायचं कोणी? जावई धान कापणीत. थेंब पाठवले, ते संपले. त्या उगवल्या पुढच्या कॅम्पला. स्टूल शोधायला अख्खी मान वळवत होत्या. तपासलं तर दोन्ही कडांची नजर गेलेली.

"निघून काऊन गेल्या? आत येऊन मला सांगायचं!" मी त्यांच्यावरच ओरडले.

"तुमच्याच माईकावर सांगून राहिले होते, बाई. दवाखान्याचा नाई आयकाचा त कोनाचा आयकाचा?"

मी त्यांना लेसरच्या मशीनला बसवलं. दुसरा लेसर केला. पुढे प्रेशर उतरलं, समोरची नजर टिकली. कडेची गेली ती गेलीच.

त्या दिवशी लेसरनंतर थोड्या वेळाने मंडपात शेठजी फोटोसाठी त्यांच्या बाजूला उभे राहिले आणि नारळ पुढे केला. "लो, माई." सगुणाबाई समोर बघत राहिल्या. "लो ना, माई." त्यांनी आवाजाच्या दिशेला हात लांबवला आणि तो हवेत चाचपडत राहिला. फोटोवाला थांबला. मी खांदा धरून त्यांना वळवलं.

"अरे, येथी आहे का!" त्या हसल्या आणि नारळ घेतला.

शेठजी हसले नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. दुबारा लेसर का करायचा, हे त्यांना मी पुन्हा समजावलं नाही.

तेव्हापासून लेसरच्या दिवशी माईक माझ्या खोलीत असतो. ज्याला बोलायचं असेल त्याने आधी मला विचारायचं.