विहिरीतल्या रहिवाशांची पाटी

काशीगावातल्या पुंडलिकच्या भातखाचरांवर इमारत उभी राहिली. विहीर तेवढी वाचली. शेवटचं भात कापलं त्या वर्षी खाचरात पाणी आटत होतं. तळाशी तडफडणारे मासे त्याने घमेल्यात भरून विहिरीत सोडले. बोटाएवढे, रुपेरी, अंगावर एक काळी रेघ. पुंडलिक गेला, पण त्याच्या शेतातलं तेवढं एक शिल्लक राहिलं. त्याच इमारतीत राहणारी त्याची बायको पार्वती त्यांना रोज भाताची शितं टाकायची.

आता सोसायटीला विहीर बुजवायची होती.

"काकी, ते पाणी कुणी पीत नाही. दोन गाड्या आरामात मावतील," मीटिंगमध्ये सेक्रेटरी कौस्तुभ म्हणाला.

"आत मासं हायेत."

"मासे काय मेंबर आहेत? खालच्या रहिवाशांच्या पाटीवर नाव दाखवा बरं त्यांचं!"

सगळे हसले. पार्वती उठून घरी आली.

तिची मुलगी चांदणी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "नाव आहे गं त्यांना. रास्बोरा डॅनिकोनियस. पण तू भांडू नकोस, आई. आपल्याला इथंच राहायचंय."

"त्यांना पन इथंच ऱ्हायाचंय. दोन नावं कशाला?"

"पहिलं घराण्याचं, दुसरं त्यांचं स्वतःचं."

"म्हंजे आडनाव आधी. आपल्या खालच्या पाटीवर हाय तसंच."

दुसऱ्या दिवशी ती पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानात गेली. रविवारी विहिरीच्या कठड्यावर काळ्या पाटीत पांढरी अक्षरं चमकत होती : 'रास्बोरा डॅनिकोनियस आणि परिवार'. त्याच सकाळी भरावाचा टेम्पो आला. पार्वती पाटीशेजारी बसलेली.

ड्रायव्हरने पाटी वाचली. "इधर कौन रहता है?"

"मेरे घरवाले."

त्याने आत वाकून पाहिलं. काळ्या रेघा सरसर पांगल्या.

"अरे भाई, मछली है, मछली! तू डाल," कौस्तुभ ओरडला.

"मछली है तो नाम किसने लगाया? पहले खाली कराओ, फिर बुलाओ. मेरे को लफडा नहीं मंगता." त्याने टेम्पो मागे घेतला.

"काकी, उद्या दुसरा येईल," कौस्तुभ दात खाऊन म्हणाला.

"येऊ दे. पाटी हाय, मी हाय."

चांदणी वरून गॅलरीतून हे सगळं बघत होती. पाच मिनिटांनी ती खाली आली, चहाचे दोन कप घेऊन. एक आईच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन कठड्यावर पाटीच्या दुसऱ्या बाजूला बसली.